गिटारची नेक बनवताना कामांचा क्रम कसा ठरवावा? मागची गोलाई आधी की फ्रेट आधी?

तुम्ही लिहिलंय की पहिल्यांदाच बोल्टने जोडायची नेक (गिटारची लांब मान) करताय, फ्रेटबोर्ड (नेकच्या वरची, धातूचे आडवे फ्रेट बसवायची लाकडी पट्टी) वेगळा चिकटवणार आहात, कामांची यादी तयार आहे, पण कशाच्या आधी काय हे ठरत नाही. गोलाई आणि फ्रेट यांचं थेट उत्तर आधी देतो: गोलाई बरीचशी आधी काढा, दोन-एक मिलिमीटर लाकूड शिल्लक ठेवा, मग फ्रेट बसवा आणि शेवटचा हात नंतर फिरवा. असं का, ते पुढे येईलच.

क्रम ठरवताना मी प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारतो: हे काम करताना मला कोणती सपाट बाजू किंवा सरळ कड लागणार आहे, आणि ती कोणत्या कामात नाहीशी होणार आहे? चौकोनी ठोकळ्याला चार चांगल्या बाजू असतात. त्या आहेत तोवर गुण्या बसतो, राउटरचं गाइड सरळ चालतं, ड्रिल मशीनच्या टेबलावर लाकूड हलत नाही. एकदा निमुळती आणि गोल झालेली नेक धड पकडतासुद्धा येत नाही.

करवत उचलण्याआधी मात्र पूर्ण मापाचं चित्र काढा, आणि त्यात पहिल्या फ्रेटजवळचा आडवा छेद हवाच. समजा तिथे एकूण जाडी २१ मिमी ठेवायची आहे. त्यातले ६ मिमी फ्रेटबोर्डचे. ट्रस रॉडची (नेकच्या आत बसणाऱ्या, तिचा वाक सावरणाऱ्या धातूच्या दांडीची) खाच १० मिमी खोल असेल, तर तिच्या खाली उरतात फक्त ५ मिमी. पुढे ‘नेक जरा पातळ बरी वाटेल’ म्हणून मागून अजून २ मिमी काढलेत तर ३ उरतील, आणि तिथे मी तरी जाणार नाही. म्हणून ट्रस रॉड आधी हातात घ्या, मोजा, मगच जाडी ठरवा. तो पिळायचा नट हेडस्टॉककडे (खुंट्या असतात त्या वरच्या टोकाकडे) येणार की खालच्या टोकाला, हेही आत्ताच ठरवा.

लाकूड ठोकळ मापाला कापून काही दिवस तसंच ठेवा. ते वाकायचं असेल तर आत्ता वाकू दे. मग रंधा मारून वरची बाजू आणि एक कड काटकोनात करा आणि मध्यरेषा आखा. ही रेषा शेवटपर्यंत पुसू देऊ नका. पुढची सगळी मापं तिच्यावरूनच घ्यायची आहेत. हेडस्टॉक मागे झुकलेला हवा असेल तर तिरका काप घेऊन तो सांधा याच टप्प्यावर चिकटवा आणि वरची बाजू पुन्हा सपाट करा. अखंड लाकडातून झुकाव कोरला तर हेडस्टॉकमध्ये लाकडाचे तंतू आखूड पडतात आणि गिटार पडली की नेमकी तिथेच मोडते.

आता ट्रस रॉडची खाच. कडा समांतर आहेत तोवरच ती मारा, कारण राउटरचं गाइड त्या कडेला टेकून चालतं. रॉड बोटाने दाबून बसावा इतपतच घट्ट हवा आणि वर अजिबात डोकावता कामा नये. ठोकळा अजून चौकोनी आहे, तर हेडस्टॉक जाडीला आणून खुंट्यांची भोकं आणि खालच्या टोकाची बोल्टची भोकंही उरकून घ्या. मागची बाजू सपाट असताना ड्रिल सरळ जातं. ती गोल झाल्यावर हेच काम जिवावर येतं. निमुळता आकार त्यानंतर कापा, पण रेषेबाहेर थोडं लाकूड ठेवूनच.

फ्रेटबोर्डचा क्रम स्वतंत्र आहे, पण तर्क तोच. आधी फ्रेटच्या खाचा, मग निमुळता आकार, मग वरची गोलाई. गुण्याला सरळ कड हवी म्हणून खाचा निमुळत्या आकाराच्या आधी. प्रत्येक खाचेचं माप नटकडच्या टोकापासूनच घ्या (हा नट म्हणजे हेडस्टॉकजवळची, तारा टेकतात ती पट्टी; ट्रस रॉडचा नट नव्हे). ६४८ मिमी स्केलला (तारेच्या वाजत्या लांबीला) पहिला फ्रेट ३६.३७ मिमीवर येतो (६४८ भागिले १७.८१७) आणि बारावा बरोबर ३२४ वर. एका खाचेपासून पुढची मोजत गेलात तर बारीक चुका साठत जातात आणि वरच्या स्वरांत त्या ऐकू येतात. खाच थोडी जास्त खोल मारा: १२ इंच त्रिज्येची गोलाई दिल्यावर ५६ मिमी रुंदीच्या टोकाला कडा मध्यापेक्षा सुमारे १.३ मिमी खाली जातात, म्हणजे तिथली खाच तेवढीच उथळ होते.

चिकटवताना ग्लूवर फ्रेटबोर्ड घसरतो, अगदी क्लॅम्प आवळताना. त्यावर उपाय सोपा आहे. ग्लू न लावता फ्रेटबोर्ड जागेवर ठेवा आणि सुरुवातीच्या एका आणि शेवटाकडच्या एका खाचेच्या तळातून, ट्रस रॉड टाळून, बारीक भोक पाडून नेकमध्ये छोटा खिळा जाऊ द्या. मग ग्लू लावून त्याच खिळ्यांवर फ्रेटबोर्ड बसवा. वाळल्यावर खिळे काढले की ती भोकं फ्रेटखाली झाकली जातात. रॉडच्या खाचेवर आधी चिकटपट्टी लावा, ग्लू पसरा, पट्टी ओढून काढा आणि मगच फ्रेटबोर्ड ठेवा, म्हणजे ग्लू रॉडमध्ये शिरत नाही. पाण्याच्या ग्लूमुळे लाकूड फुगतं, म्हणून क्लॅम्प सोडल्यावरही काही दिवस थांबा. त्यानंतर कडा एकसारख्या करा, खालचं टोक गिटारच्या खाचेत बसतंय का पाहा आणि फ्रेटबोर्डच्या कडेवरचे खुणेचे ठिपके बसवा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. फ्रेट आधी बसवावेत म्हणणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नाही: मागची बाजू सपाट असताना ठोकायला भक्कम आधार मिळतो. पण मागून एवढं लाकूड गेलं की आतला ताण मोकळा होतो आणि नेक किंचित हलते. तेव्हा फ्रेट बसलेले असतील तर ती हालचाल दुरुस्त करायला फ्रेटच घासावे लागतात. म्हणून आधी पहिल्या आणि बाराव्या फ्रेटजवळ आकार कोरा, मधला भाग खरबरीत कानशीने जोडा, दोन मिलिमीटर राखा आणि नेक आठवडाभर ठेवून द्या. मग ट्रस रॉड सैल, म्हणजे कुठेच ताण नसलेला ठेवून, फ्रेटबोर्ड लांब सरळ पट्टीवर लावलेल्या पॉलिश पेपरने घासा. सरळ पट्टी उभ्या कडेवर ठेवून मागून दिवा धरा. प्रकाशाची फट दिसेल तिथे काम बाकी आहे. या कामात घाई अजिबात नको, वाजवताना हात ज्यावर फिरणार तो पृष्ठभाग इथेच ठरतो.

फ्रेट ठोकताना नेकखाली तिच्या गोलाईचा, कापड लावलेला आधार द्या. प्रत्येक फ्रेट खाचेत पाचरीसारखा शिरतो, आणि असे २१-२२ झाले की नेक मागे वाकायला लागते. नेक पुढे आणि मागे, दोन्हीकडे वाकवू शकणारा ट्रस रॉड असेल तर हे सावरता येतं. एकाच बाजूला ओढणारा असेल तर खाचेची रुंदी फ्रेटच्या पात्याशी आधी एखाद्या तुकड्यावर जुळवून पाहा.

त्यानंतर मागची शेवटची घासाई आणि पॉलिश. शिसवी किंवा आबनूसचा फ्रेटबोर्ड असेल तर त्यावर चिकटपट्टी लावून फक्त मागचा भाग पॉलिश करा. मेपलच्या फ्रेटबोर्डला लॅकर लागतंच, आणि ते मी फ्रेटच्या आधी देतो, म्हणजे नंतर प्रत्येक फ्रेटवरून खरवडावं लागत नाही. फ्रेट एका पातळीत आणणं आणि नटच्या खाचा हे तारा चढवायच्या वेळचं काम.

एक अपवाद लक्षात ठेवा. १९५० च्या दशकातल्या फेंडरसारखी अखंड मेपलची नेक करायची असेल तर वेगळा फ्रेटबोर्डच नसतो. रॉड मागून घालून त्या मागच्या खाचेवर अक्रोडाची पट्टी बसवतात आणि फ्रेटच्या खाचा थेट नेकवर पडतात. तेव्हा पट्टी चिकटवून झाल्यावरच मागची गोलाई काढायची. तुमचा ट्रस रॉड कुठल्या प्रकारचा आहे ते कळवलंत तर खाचेच्या खोलीबद्दल नेमकं सांगता येईल.