प्लेअर घेण्याआधी एवढं बघ

भावा, स्पॉटिफाय प्रीमियम घेतलं की गाणी मेमरी कार्डावर टाकून कुठल्याही साध्या प्लेअरवर वाजतील, हा समज आधी काढून टाक. डाउनलोड केलेलं गाणं कुलूपबंद असतं आणि ते त्याच अ‍ॅपमध्ये उघडतं. कॉपी केलीस तरी बटणवाल्या एमपी-थ्री प्लेअरला ती फाइल कळणार नाही.

म्हणून अँड्रॉइडवर चालणारा, प्ले स्टोअर आणि वायफाय असलेला प्लेअरच घे. अँड्रॉइडची आवृत्ती नक्की विचार. मी स्वस्तात मिळाला म्हणून एक जुना प्लेअर घेतला होता. वर्षभरात अ‍ॅपचा सपोर्टच बंद झाला, फार जिवाला लागलं.

पुण्याच्या गाडीत बसायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर गाणी उतरवून ठेव, वाटेत रेंजचा भरवसा नाही. ३२० केबीपीएस म्हणजे चांगल्या दर्जाच्या आवाजाला तासाचं संगीत साधारण १४४ एमबी होतं, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात चिक्कार मावतं. स्पॉटिफायवर एका डिव्हाइसवर १०,००० गाणी ठेवता येतात. पण ३० दिवसांत एकदा तरी प्लेअर नेटला जोडायचाच, नाहीतर डाउनलोड जातात. सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत हे आठवून उपयोग नाही.

सबस्क्रिप्शन थांबलं की ऑफलाइन गाणीही थांबतात. त्यामुळे जिवाभावाचे अल्बम मात्र विकतच घे. अ‍ॅपलच्या आयट्यून्स स्टोअरची गाणी २००९ पासून बिनकुलपाची मिळतात, एएसी (त्या गाण्यांचा फाइल प्रकार) चालणाऱ्या साध्या प्लेअरवरही वाजतात.