वाचक विचारतात : ऐहोळेच्या डोंगरावरची दगडी घरं

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत घरचे सगळे गाडी करून बदामी, पट्टदकल, ऐहोळे फिरून आलो. ऐहोळेला मेगुती देवळाच्या मागं डोंगरावर दगडी फरश्या उभ्या करून वर एक आडवी टाकलेली खोपटी बरीच दिसली, एकाला तर पुढच्या फरशीत गोल भोक. पोरगं त्यातून आत बघत होतं तेवढ्यात एक गुराखी म्हणाला की इथं जुन्या लोकांची मढी ठेवायचे. सासूबाईंनी घरी आल्यावर सगळ्यांना डोक्यावरून अंघोळ घालायला लावली, आता शांत करायची म्हणतायत. नक्की काय आहे हे?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, गुराख्याचं बरोबर आहे, ती थडगीच. तीन बाजूला तीन फरश्या, वर झाकणाला एक, पुढं भोकाची. महापाषाण काळातली म्हणतात, म्हणजे दक्षिणेत लोखंड वापरात आलं तो काळ, ढोबळ इसवी सनापूर्वी 1200 ते 300. मेगुतीचं देऊळ इसवी सन 634 चं, म्हणजे चालुक्य राजा पुलकेशीच्या माणसांनी तिथं पहिला दगड बसवला तेव्हाच ही घरं निदान हजारेक वर्षांची जुनी होती! आपली माणसं डोंगर चढतात, देवळातल्या रविकीर्ती कवीच्या शिलालेखापुढं फोटो काढतात आणि मागं न बघता खाली उतरतात, तुम्ही मागं गेलात हेच विशेष.

मढं तसंच्या तसं ठेवायचे असं मात्र सगळीकडे नव्हतं. बऱ्याच ठिकाणी आधी देह उघड्यावर ठेवायचे आणि नंतर उरलेली हाडं गोळा करून आत, सोबत काळी-तांबडी मडकी, लोखंडाची हत्यारं. भोक त्याच्यासाठीच असावं, मागनं घरातलं आणखी कोण गेलं की त्याचीही हाडं आत सारता यायची, असं अभ्यासक म्हणतात. कन्नड लोक या थडग्यांना मोरेर मने म्हणतात, मने म्हणजे घर, आणि मोरे म्हणजे फार पूर्वीची बुटकी माणसं अशी गोष्ट सांगतात. घराची उंची बघितली की गोष्ट कुठून आली ते कळतंच. त्या काळातली थडगी आपल्या राज्यातही आहेत, पण तिकडं नागपूरकडं, जुनापाणीला दगडांची वर्तुळंच्या वर्तुळं, आणि माहुरझरीला तर माणसाबरोबर घोडासुद्धा पुरलेला सापडला.

मी गेलो होतो तेव्हा एका घरात कुणीतरी पाण्याचा कॅन आणि भाकरीचं फडकं सावलीला ठेवलेलं, बाहेर शेळ्यांच्या लेंड्या. गावाला त्याचं काही वाटत नाही. सासूबाईंना सांगा, सूतक लागायला भावकी लागते, आणि तीन हजार वर्षांमागच्या भावकीचा हिशोब कुणाच्या वहीत नाही. अंघोळ केली ते चांगलंच केलं, धूळ असते तिथं. पण पोराला परत डोकं घालू देऊ नका, त्या फरश्या नुसत्या एकमेकींच्या भारावर उभ्या आहेत, आणि सापाला गार जागा आवडते.

प्रश्न : आमच्या बांधावर एक उभा दगड आहे, त्यावर ढाल-तलवार घेतलेला माणूस, वर चंद्र-सूर्य. हेपण थडगं का? गावातला एकजण म्हणतो खाली धन आहे, अमावस्येला उकरू.
— एक वाचक, ता. खटाव

उत्तर : हा वीरगळ. लढाईत, बऱ्याचदा गुरं सोडवताना, पडलेल्याची आठवण. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा त्याला वर नेतायत, सगळ्यात वर तो पिंडीपुढं बसलेला, आणि चंद्र-सूर्य असेतोवर नाव राहो म्हणून ते दोघं. खाली हाडं असतीलच असं नाही, धन तर नाहीच. अमावस्येवाल्याला 1878 चा गुप्तधनाचा कायदा सांगा, दहा रुपयांच्या वर काही सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं. आणि दगडाला ऑइलपेंट कृपा करून मारू नका, शेंदूर असेल तर असू दे, पण सिल्व्हर कलर मारलेले वीरगळ बघून बघून आता डोळे दुखायला लागलेत.