गच्चीवरची खोली आणि 3.6 मीटरची नोटीस

बेळगावातल्या वडगावच्या एका वाचकाचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा. 30 बाय 40 फुटांचा प्लॉट, खाली कापडाचे माग, वर दोन मजले राहायला. 2021 ला नकाशा मंजूर झाला त्यात उंची 10.5 मीटर. मागच्या गल्लीतल्या शेजाऱ्यानं तक्रार केली, महापालिकेचा इंजिनिअर टेप घेऊन आला आणि आता महापालिका कायद्याच्या कलम 321 ची कन्नडमधली नोटीस आलीय की उंची 14.1 मीटर भरते, म्हणजे 3.6 मीटर जादा, शिवाय बाजूची मोकळी जागापण कमी पडते, पाडून का टाकू नये ते सांगा. आर्किटेक्ट म्हणतो उंची 10.2 च आहे, उलट कमीच आहे. गडहिंग्लजचा मेहुणा म्हणतो कोर्टातून स्टे आण, गच्चीवरची खोली उंचीत धरतच नाहीत. खरं कोण?

दादा, तिघंही अर्धं अर्धं खरं बोलतायत. तुम्ही फोटो आणि नकाशा पाठवला म्हणून बरं झालं, नाहीतर मीपण आर्किटेक्टच्या बाजूनं बोललो असतो.

आधी मेहुण्याचं बघू. ते जे सांगतायत ते बहुतेक महाराष्ट्राच्या 2020 च्या युनिफाइड डीसीपीआर या बांधकाम नियमावलीतलं आहे, तिकडं ते चालतं, पण कोगनोळीचा टोलनाका ओलांडून इकडं आलं की त्याचा काय उपयोग नाही. इथं कर्नाटकचा 1961 चा नगररचना कायदा, त्याखालचा बुडाचा (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा) मास्टर प्लॅन आणि झोनिंगचे नियम, आणि लायसन्स व पाडकामासाठी 1976 चा महापालिका कायदा. पाहुण्यांचे सल्ले जेवणापुरते ठेवा. (मीपण कोणाचातरी पाहुणाच आहे म्हणा.)

आता मुख्य गोष्ट, टेप कुठून लावली आणि कुठवर नेली. तुमचा प्लॉट समोर रस्त्याला उंच आणि मागं नाल्याकडं उतरता, फरक 1.2 मीटरचा. आर्किटेक्टनं रस्त्याच्या बाजूनं जमिनीपासून गच्चीच्या स्लॅबपर्यंत मोजलं, 10.2. इंजिनिअर मागच्या खोलगट बाजूला उभा राहिला आणि थेट गच्चीवरच्या खोलीच्या डोक्यापर्यंत मोजलं, म्हणून 1.2 अधिक 10.2 अधिक खोलीचे 2.7, झाले 14.1. दोघांचीही बेरीज बरोबर, सुरुवात मात्र दोघांचीही चुकलीय. नॅशनल बिल्डिंग कोडची व्याख्या अशी आहे की इमारतीला लागून असलेल्या जमिनीची सरासरी लेव्हल धरायची आणि सपाट गच्ची असेल तर तिथून गच्चीपर्यंत मोजायचं. उताराच्या जागेत समोरचं पण नाही, मागचं पण नाही, मधलं. म्हणजे तुमची खरी उंची 10.2 मध्ये 0.6 मिळवून 10.8.

म्हणजे जादा आहेच, पण 3.6 नाही, 0.3. नोटिशीतल्या 3.6 चे तीन तुकडे पाडा, 0.6 हा उताराचा चुकीचा माप, 2.7 ती खोली, आणि 0.3 हा तुमचा खरा जादा. हा 0.3 कुठून आला तेपण तुम्हीच पत्रात लिहिलंय, माग बसावेत म्हणून तळमजल्याचा स्लॅब एक फूट वर घेतला. एक फूट म्हणजे साधारण 30 सेंटीमीटर, हिशोब जुळला बघा की. (मागांचा विषय नोटिशीत नाही, तर तुम्ही आपणहून उत्तरात काढू नका, विचारलं तर बघू.)

10.5 वर 0.3 म्हणजे तीन टक्क्यांपेक्षाही कमी. बंगळूरच्या 2003 च्या बिल्डिंग बायलॉजमध्ये उंचीसकट पाच टक्क्यांपर्यंतचा फरक, पाडताना बांधकामाच्या मजबुतीला धक्का लागत असेल तर, कारणं लिहून नियमित करायची सोय आहे. आपल्या महापालिकेच्या बायलॉजमधलं त्या धर्तीचं कलम आर्किटेक्टकडून शोधून घ्या आणि उत्तरात त्याच्यावर बोट ठेवा, कारण एका फुटासाठी वरचा अख्खा स्लॅब फोडणं कुणालाच नको असतं, महापालिकेलासुद्धा.

आणि सेटबॅकचं, म्हणजे बाजूच्या मोकळ्या जागेचं, घाबरू नका लगेच. झोनिंगच्या तक्त्यात मोकळी जागा उंचीवर ठरते, उंची एक टप्पा ओलांडली की बाजूला जास्त सोडावं लागतं. बंगळूरच्या आरएमपी 2015 (सुधारित मास्टर प्लॅन) मध्ये तो टप्पा साडेअकरा मीटरचा आहे. इंजिनिअरनं 14.1 धरलं म्हणून त्यानं खालच्या ओळीतला सेटबॅक लावला असणार, उंची 10.8 झाली की वरची ओळ लागते आणि तो आरोप आपोआप पातळ होतो. तुमचा नकाशा मंजूर झाला त्या दिवशी लागू असलेला तक्ता मागून घ्या, आजचा नको.

आता खोली. इथं तुमचं मला पटलेलं नाही. तुम्ही म्हणता ती जिन्याची हेडरूम (जिन्याच्या डोक्यावरची खोली) आहे आणि हेडरूम उंचीत धरत नाहीत. बरोबर, कोडमध्ये तीन मीटरपर्यंतची हेडरूम, लिफ्टची खोली, पाण्याची टाकी, कठडा हे सोडून देतात, पण एका अटीवर, हे सगळं मिळून गच्चीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त नको. तुमची गच्ची साधारण 900 चौरस फूट, म्हणजे हद्द 300. जिना 120 आणि ही खोली 250, झाले 370. शिवाय फोटोत खिडकीला पडदा आहे, आत पलंग आहे आणि कोपऱ्यात सिलेंडर दिसतोय. जिन्याला सिलेंडर कशाला लागतो वो? सुनावणीला हेच फोटो पुढं आले तर तुमचा उताराचा चांगला मुद्दापण कुणी ऐकणार नाही, सगळंच खोटं वाटायला लागेल. माझा सल्ला, त्या खोलीत राहणाऱ्या पुतण्याला आधी खाली आणा, खोलीच्या भिंती स्वतः उतरवा, जिन्यापुरतं ठेवा, आणि तारखेचे फोटो काढून उत्तराला जोडा. अडीचशे फूट सोडून बाकी घर वाचवा. माझ्याकडं येणारे बरेच लोक नेमकी हीच खोली वाचवायला भांडतात आणि तिच्यापायी बाकीचं धोक्यात घालतात.

अक्रम-सक्रमसाठी (बेकायदा बांधकाम नियमित करायच्या योजनेसाठी) पैसे मागणारा एजंट भेटलाय म्हणता, त्याला एक रुपया देऊ नका. ती योजना 19 ऑक्टोबर 2013 च्या आधीच्या बांधकामांची, त्यावर सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2017 मध्ये स्थगिती दिलेली, आणि तुमचं घर 2021 नंतरचं. कुठल्याच बाजूनं बसत नाही.

नोटीस कन्नडमध्ये आहे म्हणून आठ दिवस कपाटात ठेवली हे मात्र चुकलं. वाचता आली नाही हे कारण कुठं चालत नाही, गल्लीतल्या कुठल्याही कॉलेजच्या पोराकडून वाचून घेता आली असती. तुमच्या हातात आहे तो 321 (1) चा तात्पुरता आदेश आणि त्याच्यासोबतची कारणे दाखवा नोटीस, म्हणजे पाडायचा शेवटचा निर्णय अजून झालेला नाही. उत्तर मुदतीत द्या, कन्नड किंवा इंग्रजीत द्या, पोच घ्या. त्यात ऑटो लेव्हल (जमिनीची पातळी मोजायचं यंत्र) लावून सर्व्हेअरनं काढलेली चारी कोपऱ्यांची लेव्हल, मंजूर नकाशाच्या सेक्शनवर जमिनीची रेषा कुठं दाखवलीय त्याची प्रत, आणि पुन्हा दोघांसमोर मोजणी करा अशी विनंती, एवढं हवंच. जमिनीवर तुम्ही मुरुम टाकून भराव केला असेल तर ते सर्व्हेअरला आधीच सांगा, भरावाच्या वरून मोजलेली उंची शेजारी पाच मिनिटांत खोडून काढेल.

तरी 321 (3) खाली आदेश कायम झालाच तर सिव्हिल कोर्टात धावू नका, तिथं पहिला प्रश्न हाच येणार की अपील का केलं नाही. त्यासाठी 443-ए खाली कर्नाटक अपिलेट ट्रिब्युनल आहे, त्यानंतर धारवाडचं हायकोर्ट खंडपीठ. आदेश मिळाल्याची तारीख त्याच कागदावर पेननं लिहून ठेवा. आणि सुप्रीम कोर्टानं 13 नोव्हेंबर 2024 ला सांगितलंय की पाडण्याआधी किमान 15 दिवसांची नोटीस पाहिजे, त्यामुळं उद्या सकाळी जेसीबी येईल म्हणून रात्रभर जागू नका.

शेजाऱ्याचं, "त्याला काय अधिकार" असं तुम्ही रागानं लिहिलंय. त्याला आहे अधिकार. आपल्याच राज्यातल्या उडुपीच्या रामदास शेणॉय खटल्यात 1974 लाच सुप्रीम कोर्टानं ठरवलं की नियम मोडून बांधलं तर शेजारपाजारचा माणूस कोर्टात जाऊ शकतो, तिथं राहत्या वस्तीत थिएटर बांधलं होतं. मात्र त्याचं दुसरं म्हणणं, की तुमच्यामुळं त्याचं ऊन गेलं, ते कच्चं आहे. उजेड-वाऱ्याचा वहिवाटीचा हक्क मिळायला 1882 च्या इझमेंट कायद्याप्रमाणं 20 वर्षं लागतात आणि त्याचं घर तुम्हीच सांगता तसं 2009 चं.

राहिला सांबरा विमानतळाचा एनओसी, ज्यावर मोठा आकडा बघून तुम्ही घाबरलाय. तो समुद्रसपाटीपासूनचा आहे. बेळगावच साधारण साडेसातशे मीटरवर आहे, समजा तुमची जागा 755 वर असेल आणि पत्रात 790 लिहिलं असेल तर 35 मीटरपर्यंत चालतं, तुमच्या घराला काही अडचण नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा की विमानतळाच्या मापात टाकी, अँटेना, हेडरूम सगळं धरतात, महापालिकेसारखं सोडत नाहीत. त्या पत्राची झेरॉक्स उत्तराला जोडून द्या म्हणजे तो मुद्दा तिथंच मिटेल.