डेटाबेस विषयाची गोडी तुम्हाला कोणत्या प्राध्यापकांनी लावली?

नाशिकच्या कॉलेजातल्या आमच्या सरांनी. आज ते नाहीत, पण शिकवण्याची त्यांची रीत अजून डोक्यात पक्की आहे.

व्याख्या सांगण्याआधी ते फळ्यावर लासलगावच्या कांदा लिलावाची नोंदवही मांडायचे: शेतकऱ्याचं नाव, गाव, फोन, वजन, भाव. माल जितक्या वेळा येईल तितक्या वेळा तोच फोन नंबर पुन्हा लिहायचा. नंबर बदलला की जुन्या सगळ्या ओळी दुरुस्त करा, एखादी राहिलीच तर खरा नंबर कोणता? मग आम्हीच म्हणायचो, सर, शेतकऱ्यांचा तक्ता वेगळा करू, लिलावाचा वेगळा, आणि दोन्हींत एक सामाईक क्रमांक ठेवू. नॉर्मलायझेशन हा शब्द त्यानंतर यायचा.

ही सगळी कल्पना आयबीएममधल्या ई. एफ. कॉड यांच्या १९७० च्या शोधनिबंधातली. पण सरांचा खरा जीव मायकेल स्टोनब्रेकर यांच्यावर, कारण ते प्राध्यापक! कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात युजीन वाँग यांच्यासोबत, विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी १९७० च्या दशकात इंग्रेस ही डेटाबेस प्रणाली उभारली आणि कॉडची कल्पना प्रत्यक्ष चालते हे दाखवलं. इंग्रेसचा कोड इतर विद्यापीठांनाही मिळाला. बर्कलीचेच विद्यार्थी रॉबर्ट एप्स्टीन पुढे सायबेस या डेटाबेस कंपनीचे सहसंस्थापक झाले, आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस मुळात सायबेसच्या कोडवरून आला. स्टोनब्रेकर यांना २०१४ चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळाला.

त्यांनीच १९८६ मध्ये सुरू केलेल्या पोस्टग्रेस या डेटाबेस प्रकल्पातून आजचं पोस्टग्रेसक्यूएल आलं. ते फुकट मिळतं. शिकायचं असेल तर त्यावरच सुरुवात करा.