काच हळू वर जाते म्हणून गाडी विकायची का?

नमस्कार दादा,

तुमचा मेसेज दोनदा वाचला. थोडक्यात प्रश्न असा, की तुमची २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, नाशिकच्या पाथर्डी फाट्याहून रोज ओझरला ये-जा असते, ड्रायव्हर साइडची काच खाली पटकन जाते पण वर यायला फार वेळ घेते आणि पावसात तर अर्ध्यात अडकते. गॅरेजवाल्याने काच वर-खाली करणारी अख्खी असेंब्ली (मोटर आणि मशीन) बदला म्हणून ६,५०० सांगितलेत. त्यावर मेहुणे म्हणतायत की आता जीएसटी पण कमी झालाय, जुन्या गाडीवर पैसे घालण्यापेक्षा एक्सचेंज करून नवी घ्या. म्हणजे साडेनऊ लाख ऑन-रोड, दीड लाख जुन्या गाडीचे, एक लाख मुलीच्या ॲडमिशनसाठी ठेवलेल्या एफडीतून आणि बाकी ७ लाख लोन.

माझं मत आधीच सांगतो, नवी गाडी आत्ता नको. आणि ६,५०० सुद्धा लगेच देऊ नका.

आधी मोठा आकडा बघू. ७ लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षं, हप्ता होतो साधारण १४,७००, म्हणजे पाच वर्षांत जवळपास १,८२,००० निव्वळ व्याज. तुमचा हातात येणारा पगार ५२,००० आणि घराचा हप्ता १६,००० आहे, दोन्ही हप्ते मिळून ३०,७०० झाले, म्हणजे पगाराचा साठ टक्क्यांच्या जवळचा भाग एक तारखेलाच संपला, आणि यात पेट्रोल, किराणा, क्लासची फी काहीच धरलेलं नाही. त्यात मुलीची बारावी पुढच्या वर्षी. जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला हे छोट्या गाड्यांच्या बाबतीत खरं आहे आणि फायदा चांगला आहे, पण स्वस्त झाली म्हणून तुमचा पगार वाढलेला नाही ना. गॅरेजवाल्याचे पूर्ण ६,५०० दिले तरी ते एका हप्त्याच्या निम्म्याहून कमी आहेत.

आता काचेकडे येऊ, कारण इथे थोडं डोकं लावलं तर बराच खर्च वाचू शकतो. काच हळू वर येण्याची मुख्य कारणं तीन: काच ज्या रबरी चॅनलमधून सरकते तो सुकलेला किंवा धुळीने भरलेला असतो, मोटर किंवा मशीन (मोटरच्या जोरावर केबलने काच उचलणारी यंत्रणा) झिजलेलं असतं, नाहीतर मोटरपर्यंत करंटच पूर्ण पोचत नाही. तिन्हींचा खर्च एकमेकांपासून फार लांब आहे, म्हणून न बघता असेंब्ली बदलणं मला पटत नाही.

घरीच बघा. रात्री गाडीतला लाइट लावा, इंजिन बंद ठेवून काच वर घ्या, मग इंजिन चालू करून परत घ्या. काच अडखळताना लाइट चांगलाच मंद होत असेल, मोटर कण्हल्यासारखी वाजत असेल, तर करंट पोचतोय पण मोटरवर लोड येतोय. लाइटला काहीच फरक नाही आणि मोटर नुसती मरगळलेली वाटते, तर संशय बटणावर किंवा वायरवर. इंजिन चालू केल्यावर काच लगेच जोरात आली तर बॅटरी पण तपासून घ्या. मग कुणाला तरी बटण दाबायला सांगून दोन्ही तळहातांनी काच हलकेच वर सरकवा, बोटं वरच्या फ्रेममध्ये अडकणार नाहीत एवढं जपा. तेवढ्या मदतीने ती झरकन गेली तर बहुतेक रबरच धरतंय. तुमची काच खाली नीट जाते आणि पावसातच जास्त अडकते, त्यामुळे माझा पहिला संशय पण रबरावरच आहे, वर येताना वजन उचलायचं असतं आणि वरच्या भागात ती चॅनलमध्ये घट्ट बसते. शिवाय सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदलेत, ती धूळ आत बसते आणि पाणी लागलं की चिखल होतो.

साफ करायला प्लॅस्टिकच्या पट्टीला ओलं फडकं गुंडाळा, थोडं साबणाचं पाणी घ्या, काच खाली करून चॅनलमधून फिरवा. पहिल्या फडक्यावर काळं चिकट निघेल, ते निघायचं थांबेपर्यंत करा, पूर्ण सुकू द्या आणि मग सिलिकॉन स्प्रे मारा. काही शेकड्यांत मिळतो. खोबरेल तेल, इंजिन ऑइल, ग्रीस यातलं काही लावू नका, धूळ चिकटते आणि ऑइल-ग्रीसने रबर फुगतं.

एवढं करून फरक पडला नाही तरच दार उघडायचं, आणि तेही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे, अंबड-सातपूरकडे भरपूर आहेत. त्याला सांगा, बटण दाबलेलं असताना मोटरच्या प्लगवर व्होल्टेज मोजा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४ असतं, प्लगवर ९-१० च दिसलं तर मोटर नाही, बटणाचे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीत वायर तुटत आलीये, ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त उघडतं त्यामुळे तिथे हे होतंच. व्होल्टेज बरोबर आहे आणि काचेपासून सोडवल्यावर पण मशीन हळूच फिरतंय, तर मोटर किंवा मशीन गेलं, आणि मग खर्च करा, बिनधास्त करा. फक्त मोटर वेगळी मिळते का ते विचारा आणि जुना पार्ट हातात मागा. एक मात्र लक्षात ठेवा, वर घेताना करकर, कटकट आवाज येत असेल तर केबलचे तार सुटत असतील, तेव्हा दुरुस्तीला उशीर करू नका, काच दारात पडू शकते.

इन्शुरन्समध्ये बसेल का विचारलंत, नाही बसत, झीज आणि इलेक्ट्रिकल बिघाड नेहमीच्या पॉलिसीत धरत नाहीत.

नवी गाडी कधीच नको असं मी म्हणत नाहीये. २०२८ ला आरसीची १५ वर्षं पूर्ण होतील, तेव्हा आरटीओत तपासणी, रिन्यूअल फी, ग्रीन टॅक्स असा खर्च येईल, त्या वेळी परत हिशोब मांडू. खालून बॉडी गंजली असेल किंवा इंजिन ऑइल खात असेल तर त्याआधीच मांडू, ते मला कळवा. तोवर महिना ५,००० ची वेगळी आरडी गाडीच्या नावाने चालू करा, दोन वर्षांत मुद्दलच १,२०,००० होतं, म्हणजे डाउन पेमेंटला मुलीच्या एफडीला हात लावावा लागणार नाही. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्यामुळे प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जो साठलाय तो तुमच्या नावावर असतो, गाडी बदलली तरी नव्या पॉलिसीत घेता येतो, त्यामुळे तो वाया जाईल म्हणून घाई करायची गरज नाही. आणि शोरूमवाल्याने टोकन मागितलं असेल तर अजून देऊ नका.