घरामागे काळ्या मातीवर नुसता टर्फचा रोल अंथरून कोर्ट होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात कळंब्याकडे घरामागे 25 बाय 50 फूट मोकळी जागा आहे, माती काळी, पोरं फुटबॉल आणि बॅडमिंटन दोन्ही खेळणार. ठेकेदार म्हणतोय, जमीन सारखी करू, वर डस्ट (दगडाची बारीक भुकटी) टाकू, टर्फचा म्हणजे कृत्रिम गवताचा रोल अंथरू, आठवड्यात कोर्ट तयार.

तसं करू नका. मी माझ्या मुलीसाठी नेमकं तेच करून घेतलं होतं, आणि सहा महिन्यांत सगळं उचकटावं लागलं.

मे महिन्यात काम झालं तेव्हा कोर्ट देखणं दिसत होतं. दोन इंच डस्ट, हातरोलर फिरवलेला, वर हिरवंगार टर्फ. जूनमध्येही काही जाणवलं नाही. जुलैच्या झडीत एके दिवशी पोरीने मधोमध चेंडू ठेवला, तर तो आपोआप हौदाकडच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. त्या कोपऱ्याची कड उचलून बघितली. डस्ट आणि काळी माती एक होऊन लोण्यासारखा चिखल झाला होता, बोट घातलं की दुसऱ्या पेरापर्यंत आत जायचं. टर्फच्या पाठीला पाणी जायला भोकं असतात, ती सगळी त्या चिखलाने बुजलेली. पाणी जाणार कुठून?

काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडलेल्या आपण बघतो, तेच कोर्टाखाली दरवर्षी घडतं. टर्फ वरून कितीही भारी घ्या, ते खालच्या जमिनीचाच आकार घेतं. आपल्या तालमींत कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीला ताक, हळद, तेल घालून किती जपतात ते तुम्ही बघितलंच असेल. खेळायची जमीन आधी तयार करावी लागते हे कोल्हापूरकरांना नवीन नाही, फक्त टर्फच्या बाबतीत आपण ते विसरतो.

आधी दीड फुटाचा खड्डा काढा, पाण्याने भरा आणि सकाळी बघा. पाणी तसंच असेल, तर खाली जिरण्याच्या भरवशावर राहू नका, ते बाहेर काढूनच द्यावं लागेल.

दुसऱ्यांदा दिवाळीनंतर काम केलं ते असं. दहा इंच खोदाई. तळालाच उतार दिला, दर शंभर फुटाला एक फूट या हिशेबाने. तुमच्या 25 फूट रुंदीला तो तीन इंच येतो, खेळताना कळतही नाही. तळावर रोलर फिरवून जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं, म्हणजे काळी माती खडीत वर चढत नाही. त्यावर सहा इंच 40 मिमी खडी, तीन इंच 20 मिमी आणि शेवटी एक इंच डस्ट. प्रत्येक थराला पाणी मारून यंत्राचा रोलर. तुमच्या जागेला दाबून बसलेला माल साधारण दहा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) होतो, मागवताना त्याहून जास्त धरा. उताराच्या खालच्या कडेला भोकांचा चार इंची पाइप कापडात गुंडाळून टाकला आणि तो पावसाळी गटारीला जोडला. चारही बाजूंना काँक्रीटची कड हवीच, नाहीतर खडी बाहेर सरकते आणि कडेने टर्फ खचतं.

टर्फबद्दल. फुटबॉलला 40-50 मिमी लांब पात्यांचं वापरतात, पण त्यावर बॅडमिंटन खेळताना पाय अडकतो आणि घोटा मुरगळतो. दोन्ही खेळ हवेत तर 15 ते 20 मिमीचं दाट, पात्यांमध्ये वाळू भरायचं टर्फ घ्या. बॅडमिंटनचं कोर्ट 44 बाय 20 फूट असतं, तुमच्या जागेत ते बसतं. शटल मात्र वाऱ्यावर उडणार, त्याला इलाज नाही.

रोल चार मीटर रुंदीचे मागा. 25 फुटांत दोन रोल लांबीच्या बाजूने येतात आणि सांधा एकच पडतो, दोन मीटरचे घेतले तर तीन पडतील. सांध्याला खाली रुंद पट्टी आणि चांगला गोंद, आणि दोन्ही रोलची पाती एकाच दिशेला झुकलेली. आमच्या पहिल्या कामात एक रोल उलटा पडला होता, उन्हात अर्धं कोर्ट गडद आणि अर्धं फिकट दिसायचं.

भरायची वाळू धुतलेली, गोल दाण्याची सिलिका. घरबांधणीची क्रश सँड खपवायला बघतील, तिच्या धारदार कडांनी पाती कापली जातात. पात्यांमध्ये भरायचे रबराचे काळे दाणेही मिळतात, ते लहान पोरांच्या कोर्टात मी घातले नाहीत. ते बुटांतून घरात येतात आणि पावसाबरोबर गटारीत जातात. युरोपीय संघाने 2023 मध्ये अशा प्लॅस्टिक-रबराच्या दाण्यांच्या विक्रीवर बंदी ठरवून आठ वर्षांची मुदत दिली आहे.

एप्रिल-मे महिन्यात दुपारी कोर्ट बंद ठेवा. कडक उन्हात कृत्रिम टर्फ 60 अंशांच्या वर जातं, अनवाणी पोरांचे तळवे भाजतात. पाणी मारून थोडाच वेळ गारवा टिकतो. आम्ही सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतरच सोडतो.

उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी: घर पंचगंगेच्या पूररेषेत असेल तर हा खर्च करूच नका. 2019 आणि 2021 सारखं पाणी आलं तर गाळ वाळूत बसतो आणि तो निघत नाही.

अंदाजपत्रकात खोदाई-खडी, निचरा आणि टर्फ हे तीन आकडे वेगळे लिहून घ्या. एकच आकडा देणाऱ्याने कुठे हात आखडता घेतला ते तुम्हाला कळणार नाही. आणि त्याने आधी केलेलं, दोन पावसाळे काढलेलं कोर्ट जुलैत, पाऊस पडत असताना जाऊन बघा. मधोमध चेंडू ठेवा.