नियम तोंडपाठ, पण हात ऐकत नाही

प्रश्न : थोरली चार वर्षांची असताना ‘चपला काढ, हात धू, जेवायला बस’ म्हटलं की तिन्ही करायची. धाकटा साडेचारचा, तो चपला काढतो आणि तिथेच खेळत बसतो. बालवाडीत पाळी येईपर्यंत त्याला धीर निघत नाही. ठोकळे मिळाले की मात्र अर्धा तास हलत नाही. हा हट्टीपणा की काही कमी आहे?
– एक आई, डिचोली

उत्तर : एवढ्यावरून दोन्ही म्हणता येत नाही. सूचना डोक्यात धरणं, स्वतःला आवरणं आणि नियम बदलला की आपणही बदलणं ही तीन निरनिराळी कौशल्यं आहेत. तीन ते पाच वर्षांत ती झपाट्याने वाढतात, पण एकाच मुलात तिन्ही बरोबरीने येतीलच असं नाही. भावंडांची तुलना तर नकोच. ठोकळ्यांवरूनही फार कळत नाही, कारण तिथे कुणासाठी थांबायचं नसतं.

घरी एक खेळ करून बघा. एका टोपलीपुढे लाल पेला, दुसरीपुढे निळा चमचा ठेवा. मुलाला तीन निळे पेले आणि तीन लाल चमचे एकेक करून द्या, ‘रंग बघून टाक’ म्हणा. मग नियम बदला : ‘आता रंग नाही, वस्तू बघायची.’ तीन वर्षांची बहुतेक मुलं विचारल्यावर नवा नियम बरोबर सांगतात आणि टाकतात मात्र रंगावरूनच. चार-पाचच्या दरम्यान बहुतेकांना जमू लागतं. अडलं तर वस्तू देताना ‘हे काय?’ विचारा, स्वतःच्या तोंडून ‘पेला’ आला की पुष्कळदा हातही बरोबर टोपलीकडे वळतो. ही तपासणी नव्हे. पण कळणं आणि करणं यांतलं अंतर डोळ्यांना दिसतं.

सूचना स्वयंपाकघरातून ओरडून देऊ नका. जवळ जाऊन एकच सांगा, ती झाली की दुसरी. हे जमलं की दोन एकत्र, त्याच्याकडून म्हणवून घेऊन. आवरण्याच्या सरावाला ‘चिमणी भुर्र, म्हैस भुर्र’ पाच मिनिटं पुरे. म्हशीला हात वर गेला तर बाद करू नका. बाद झालेला कोपऱ्यात बसतो, म्हणजे ज्याला सराव हवा त्यालाच तो मिळत नाही.

दुपारची धरून १० ते १३ तास झोप हवी. जत्रेतला काला (रात्री रंगणारं दशावतारी नाटक) बघून पहाटे घरी आलेल्या मुलाचं दुसऱ्या दिवशीचं वागणं हिशेबात धरू नका.

घरी आणि बालवाडीत, दोन्हीकडे सहा महिने अडचण राहिली, तर आधी कान तपासून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) बालरोग विभाग आहे.

प्रश्न : घरात कोंकणी, बालवाडीत मराठी. त्याने मूल गोंधळतं का?
– वाचक, पेडणे

उत्तर : नाही. एका वाक्यात दोन्हींचे शब्द येणं या वयात स्वाभाविक आहे. दोन भाषांनी मूल जास्त एकाग्र होतं, हेही खात्रीने सांगता येत नाही. संशोधकांत त्यावर वाद आहे. सूचना मात्र त्याला पटकन कळते त्याच भाषेत द्या.